जुन्या पेटीचा छंद
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



 माझ्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगितला, श्रद्धेविषयीं सांगितलें, पुढील पिढीच्या कर्तव्याविषयीं सांगितलें. माझ्याजवळ एवढा मोठा विषय नाहीं. मीं आयुष्यभर कचेरींत कारकुनी केली व संध्याकाळीं घरीं येऊन बाजाच्या पेट्या उघडल्या. कित्येकांच्या मतें हें वेड आहे. आमच्या मंडळींचेंही मत बराच काळ तेंच होतें, कारण स्वयंपाकघरांतील एक चांगलें पातेलें सरस शिजविण्यांत कायमचें गेलें. तथापि "तुमच्या त्या पेटीविषयींच बोला," अशी फादरांची आज्ञा झाली, म्हणून बोलतों.

पेटी आपल्यांत इतकी मुरली आहे कीं ती परदेशांतून आली असें सांगितल्यास मुलांना खरें वाटत नाहीं. धातूची एक पातळ जीभ, तिच्याच मापाच्या फटीवर बसविलेली, आणि त्या फटींतून जाणारा वारा, एवढेंच तिचें मर्म. हें मर्म चीन देशांत फार पुरातन काळापासून ठाऊक होतें. तेथील 'शेंग' नांवाच्या वाद्यांत बांबूच्या नळ्यांच्या मुळाशीं अशाच जिभा असतात. युरोपांत पुढें यावर नाना प्रयोग झाले. १८२९ सालीं लंडनच्या चार्ल्स व्हीट्स्टन यांनीं एका लहान वाद्याचें पेटंट घेतलें. हेच गृहस्थ पुढें विजेच्या तारायंत्राविषयीं प्रसिद्ध झाले. दोन तळहातांमध्यें धरावयाची, सहा बाजूंची, मध्यें भाता व दोन्ही टोंकांस बोटांनीं दाबावयाच्या गुंड्या असलेली पेटी म्हणजे कॉन्सर्टिना, ती याच प्रयत्नांतून निघाली. १८४२ सालीं पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनीं 'हार्मोनियम' या नांवानें पायानें भाता मारावयाचें वाद्य नोंदविलें. तें जहाजांतून आपल्या देशांत आलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं त्याला जमिनीवर बसून, एका हातानें भाता मारून वाजविण्याजोगें रूप दिलें असें मानतात.

कॉन्सर्टिना देखील या देशांत आली नाहीं असें नव्हे. मुक्तिफौजेचे लोक १८८२ सालीं मुंबईस उतरले, आणि त्यांच्या विलायतेंतील रस्त्यावरच्या भजनांत या वाद्याचा मोठा मान होता. परंतु ती येथें रुजली नाहीं. याचें कारण माझ्या मतें असें कीं तिच्यांत दोन्ही हात गुंततात आणि भात्याची दिशा पालटतांना सूर क्षणभर तुटतो. आपल्या गाण्याला षड्ज अखंड लागतो. आपली पेटी आंतल्या भात्यांत वारा सांठवून ठेवते व बाहेरचा भाता हालो अथवा न हालो, सूर धरून बसते. एका स्नेह्यांकडे मुंबईहून आलेली कॉन्सर्टिना मला एकदां उघडावयास मिळाली. आंत तेंच मऊ चामडें, त्याच जिभा, तीच धूळ. आपल्याच घराण्यांतील कोणी दूरदेशीं गेलेला भाऊ भेटावा तसें वाटलें. भात्याच्या दोन घड्यांचे कोपरे फाटले होते. मेंढीच्या चामड्याचे त्रिकोणी तुकडे लावून ते मीं बंद केले, आणि ती बोलूं लागली. वाजवितां मात्र मला अजूनही येत नाहीं.

माझा छंद सुरू झाला तो एका नाताळच्या रात्रीं. मी तेव्हां अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वीं गायकमंडळी बसली, वाजविणाऱ्या मास्तरांनीं भाता ओढला, आणि एकही पट्टी न दाबतां पेटी आपण होऊन ओरडूं लागली. एकच सूर, अखंड. मास्तरांनीं पट्ट्यांवर चापट्या मारल्या, फुंकर घातली, आणि अखेर संतापून पेटी बाजूस सारली. त्या रात्रीं आम्हीं सर्व गीतें वाद्यावांचून म्हटलीं. दुसऱ्या दिवशीं मंडळी जेवावयास बसली असतां मी एकटा देवळांत गेलों व चार स्क्रू काढले. पाहतों तों दोन पट्ट्यांच्या मधल्या फटींत मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब पडून घट्ट झाला होता. त्यानें एक पट्टी किंचित् खालीं धरून ठेविली होती, म्हणून तिची झडप उघडी राहिली व वारा त्या सुरांतून वाहूं लागला. नखानें मेण काढलें, पट्टी वर आली, पेटी गप्प झाली. एवढ्याशा थेंबानें ख्रिस्तजन्माच्या रात्रीं एवढा गोंधळ घातला, याचें मला फार नवल वाटलें. तेव्हांपासून पेटीवर मेणबत्ती ठेवणाऱ्याशीं माझें भांडण होतें, व तें आजही चालू आहे.

पेटी बिघडते म्हणजे बहुधा तिचे सूर बिघडत नाहींत, वारा बिघडतो. ही साधी गोष्ट समजावयास मला पांच वर्षें लागलीं. त्या पांच वर्षांत मीं निष्कारण किती सूर खरवडले तें आतां देवच जाणे. आधीं आंतला भाता पूर्ण भरावा, एकही पट्टी दाबूं नये व घड्याळाकडे पाहावें. भाता झपाट्यानें बसूं लागला तर वारा कोठून तरी निसटत आहे. मग उदबत्ती पेटवून तिचा धूर सांध्यासांध्यावरून न्यावा. जेथें धूर एकाएकीं वांकतो तेथें गळती. हाताची पाठ ओली करून फिरविली तरी तेथें गार लागतें. आपल्या शहराची हवा या वाद्याला सोसत नाहीं. छत्रपति संभाजीनगर म्हणा किंवा आमच्या पिढीच्या जिभेवर बसलेलें औरंगाबाद म्हणा, एप्रिल-मे महिन्यांत येथील लांकूड आटतें, सुरांच्या फळीला बारीक चिरा जातात, आणि पावसाळ्यांत तेंच लांकूड फुगून पट्ट्या एकमेकींस घासूं लागतात. त्याशिवाय कसर बनातीला खाते, झुरळें सरसाला खातात, आणि उंदीर दोहोंसहित भाता खातो. डांबराच्या गोळ्या आंत ठेवण्याचा उपाय पुष्कळ लोक करतात. मी कडुनिंबाचा पाला ठेवतों. कोणता अधिक चांगला, यावर माझा व दुसऱ्या एका छंदिष्ट गृहस्थांचा वाद गेलीं पंधरा वर्षें चालला आहे.

आतां पातेल्याविषयीं. सरस थेट आंचेवर ठेवूं नये. एका भांड्यांत पाणी तापवावें व त्यांत दुसरें भांडें ठेवून त्यांत सरस विरघळवावा. हें मी पातेलें जळाल्यावर शिकलों. बाजारांत मिळणारा पांढरा गोंद सोपा आहे खरा, पण त्यानें चिकटविलेलें चामडें पुढच्या माणसास सोडवितां येत नाहीं. लांकडाचा पापुद्राच निघून येतो. सरसाचा सांधा गरम ओल्या फडक्यानें सुटतो. पेटी ही वीस वर्षांनीं पुन्हां उघडावी लागणार, हें धरूनच ती आज मिटवावी.

सुरांचें काम अगदीं शेवटीं करावें. खरें सांगावयाचें तर नवख्यानें तें करूंच नये. जीभ टोंकाशीं खरवडली तर ती तेथें हलकी होते व सूर चढतो; मुळाशीं खरवडली तर तिची ताठरता कमी होते व सूर उतरतो. जिभेखालीं पातळ पत्र्याची पट्टी सारावी, धारेनें एकदां किंवा दोनदां हलकेंच ओढावें, आणि पुन्हां ऐकावें. दोन ओळींच्या पेटींत खर्जाचा व नराचा सूर बरोबर वाजवितांना ते जुळले नसतील तर आवाजांत लाटा उठतात. त्या मोजाव्या. सेकंदास चार, मग तीन, मग दोन, मग एक. आणि ज्या वेळीं लाट अजिबात उरत नाहीं त्या वेळीं हात थांबवावा. हा थांबावयाचा क्षण ओळखणें हीच खरी विद्या.

मला ती एकदां साधली नाहीं. एका वस्तीवरील प्रार्थनामंदिराची पेटी माझ्याकडे आली होती. तिचे सूर जुने, पॅरिसचे. त्यांचा नाद एकदां ऐकिल्यावर विसरतां येत नाहीं. त्यांतील मध्यसप्तकाचा पंचम थोडा चढा होता. मीं मुळाशीं खरवडला, तो फार उतरला. मग टोंकाशीं खरवडला, तो चढला. पुन्हां मूळ, पुन्हां टोंक. अखेर जुळला व मी समाधानानें पेटी परत दिली. तिसऱ्या रविवारीं गाणें चाललें असतां तो सूर तुटला. खरवडून खरवडून मीं त्याची जीभ कागदासारखी केली होती. गुजरातेंतील पालिताणा हें गांव जैनांचें तीर्थ म्हणून जगास ठाऊक आहे, पण पेटीवाले त्यास पितळी सुरांसाठीं ओळखतात. तिकडचा एक चांगला सूर मीं आणून बसविला. तो बरोबर वाजतो. परंतु शेजारच्या सुरांमध्यें तो परका वाटतो, आणि ती पेटी ऐकतांना मला प्रत्येक वेळीं तेवढाच पंचम ऐकूं येतो. त्या वस्तीच्या लोकांनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. ते रागावले असते तर बरें झालें असतें.

या वाद्यावर थोरामोठ्यांचा रोषही कमी झालेला नाहीं. पवित्र संगीताविषयीं दहावे पायस यांनीं १९०३ सालीं जें आज्ञापत्र काढिलें त्यांत मान होता तो पाइप ऑर्गनला. पियानो व गडबड करणारीं वाद्यें त्यांनीं देवळाबाहेर ठेविलीं. आपल्या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संत फ्रान्सिस दि सेल्स संघाचे मिशनरी खेड्यांतून हिंडूं लागले. त्या खेड्यांत पाइप ऑर्गन कोठून येणार? मिस्सा लॅटिनमध्यें होई. भजन मात्र लोकांच्या जिभेवर होतें तें मराठींत. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींच्या घटनेंत देशी भाषेला व त्या त्या लोकांच्या संगीताला जागा दिली, आणि पेटी पुढल्या दारानें आंत आली. त्याच काळांत बाहेरच्या जगांत तिच्यावर वेगळेंच संकट होतें. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस बंदी केली, ती १९७१ च्या सुमारास अंशतः उठली. आक्षेप असा कीं हिच्यांत सूर पायऱ्यांसारखे ठरलेले. मींड नाहीं, श्रुति नाहीं. आक्षेप खोटा नव्हे. आपल्या महाराष्ट्रांतच कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलें, व क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साह्यानें श्रुतींची पेटी बनविण्याचा उद्योग झाला. आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं तो पुन्हां हातीं घेतला. आणि ज्यांनीं साध्याच पेटींतून गायकाच्या गळ्याची सावली काढून दाखविली, ते अप्पा जळगांवकर तर आपल्या जालन्याकडचे. २००९ सालीं ते वारले. मैफलींत गायकाच्या मागून हलकेच जाणारी त्यांची पेटी ऐकिल्यावर बंदीचा विचार मनांत उरत नाहीं.

मला मात्र या श्रुतीचा अर्थ पुस्तकांतून कळला नाहीं. तो गंगापूर तालुक्यांतील एका वृद्ध बाईनें कळविला.

१९८६ सालीं मीं एक कॅसेटचें यंत्र घेतलें. वस्त्यांवरचीं जुनीं भजनें मुद्रित करून ठेवावीं असा विचार होता. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास या देशांतील गाणें तबकड्यांवर घेतलें, तेव्हां गायकाला आपला राग जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागे. आम्हांस तशी अडचण नव्हती; अडचण होती ती रेड्यांची, कोंबड्यांची, आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीची. म्हणून पहांटे जात असूं. पेटीखालीं जाड गोधडी घालावी, म्हणजे भात्याची धडधड जमिनींतून येत नाहीं. मायक्रोफोन गाणाऱ्याच्या तोंडाजवळ, पेटीपासून तीन-चार हात दूर, व भात्याच्या बाजूस कधींही नको. आणखी एक गोष्ट मीं पहिल्यापासून पाळली, ती कोणीं शिकविली होती असें नाहीं. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं स्वरकाटा वाजवून त्याचा सूर घ्यावयाचा. यंत्राचा वेग बॅटरी उतरली कीं मंदावतो. पुढें कधीं ऐकतांना गाणें खरें किती उंचीवर होतें, हें त्या एका सुरावरून कळतें.

त्या आजी पवित्र शुक्रवारचें एक गीत म्हणत. प्रभूच्या देहाला क्रुसावरून खालीं घेतलें, तेव्हां मातेनें काय म्हटलें, असा विषय. तें कोठेंही छापलेलें मला आढळलें नाहीं. त्यांना तें सासूकडून आलें होतें. मी पेटीवर त्यांच्या मागोमाग जाऊं लागलों. तिसऱ्या ओळींतील एका जागीं माझी पेटी व त्यांचा गळा जुळेना. कोमल गंधार दाबला तर तो खालीं राही, शुद्ध दाबला तर वर जाई. मला वाटलें आजींचा आवाज वयामुळें हालतो. पुन्हां म्हणावयास लावलें. चारही वेळां त्या त्याच मधल्या जागीं उभ्या राहिल्या. अखेर मीं नुसता षड्ज व पंचम धरून बसलों आणि त्यांना गाऊं दिलें.

पुढच्या उपवासकाळीं मीं त्या गीताचें स्वरलेखन केलें व आपल्या गायकमंडळास शिकविलें. स्वरलेखनांत मीं शुद्ध गंधार लिहिला. कांहीं तरी लिहावयास हवें होतें. मुलामुलींनीं तें सुंदर म्हटलें, लोकांचे डोळे ओले झाले. आजींना मुद्दाम बैलगाडी करून आणिलें होतें. उपासना संपल्यावर मी मोठ्या आशेनें त्यांच्याजवळ गेलों. त्या म्हणाल्या, "मास्तर, चाल ग्वाड हाय. पर माझ्या सासूची न्हाय ती."

त्यानंतर दोन वर्षांनीं आजी देवाघरीं गेल्या.

कॅसेटांची हकीकत सांगावयास मला लाज वाटते. तीसएक कॅसेटा मीं पत्र्याखालच्या माळ्यावर ठेविल्या होत्या. एका उन्हाळ्यानें त्यांतील अकरा वांकवून टाकल्या. आजींची कॅसेट त्यांत असावयास हवी होती, पण ती आमच्या मंडळींनीं आपल्या लुगड्यांच्या ट्रंकेंत ठेविली होती. कां ठेविली असें विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "तुमच्या माळ्यावर मी कधीं लोणचें तरी ठेवतें का?" माझ्या नातवानें ती संगणकावर उतरवून घेतली. आरंभींचा स्वरकाटा अर्ध्या सुराहून अधिक उतरलेला निघाला, कारण त्या दिवशींच्या बॅटऱ्या नव्या होत्या व ऐकावयाचें यंत्र जुनें. त्यावरून वेग सुधारला. मग तो गंधार आम्हीं मोजला. तो खरोखरीच दोन पट्ट्यांच्या मध्यें आहे, आणि चारही वेळां जवळजवळ त्याच ठिकाणीं आहे.

हें सर्व सांगण्याचें कारण आतां सांगतों. देवळांत विजेची नवी कीबोर्ड आली आहे. मला तिचा द्वेष नाहीं. तिला कसर लागत नाहीं, व आमचीं मुलें ती माझ्यापेक्षां दसपट चांगली वाजवितात. परंतु मागल्या खोलींतील जुनी पेटी मोडींत द्यावी अशी सूचना समितीपुढें आली आहे. तिच्या भात्याच्या सात घड्या फाटल्या आहेत, चार सूर मुके आहेत, व एका कोपऱ्यास वाळवी लागून थांबलेली आहे. मोडीचा भाव मीं विचारून आलों. तेवढ्यांत आपल्या समितीचा एक वेळचा चहाही होणार नाहीं. उलट तिला नीट करावयास चामडें, बनात, सरस व चार सूर एवढेंच लागेल, आणि मजुरी मी घेत नाहीं. तिच्यावर मला एक प्रयोगही करावयाचा आहे. मध्यसप्तकांतील गंधाराचे दोन्ही सूर नव्यानें बसवावयाचे आहेतच. त्यांतील एक मी आजींच्या जागेवर आणीन. ती पेटी मग इतर गाण्यांस निरुपयोगी होईल, असें आपण म्हणाल. होईल. वर्षांतून एका शुक्रवारीं ती वाजेल.

माझे डोळे आतां बारीक कामास साथ देत नाहींत, म्हणून दोन तरुण मदतनीस हवे आहेत, मुलगे किंवा मुली. ऐकावयास कान चांगले हवेत; संगीत येत नसलें तरी चालेल. येत्या शनिवारपासून दुपारीं चार वाजतां मी मागल्या खोलींत बसेन. येणाऱ्यानें एक जुनी चादर बरोबर आणावी, कारण सरस सांडतो. पातेलें मीं माझें वेगळें विकत घेतलें आहे.